आजोबांच्या पेटीतली पदकं कशी वाचायची

नाशिकरोड, देवळाली, भगूरच्या कितीतरी घरांत, आणि निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या वाड्यांतही, लोखंडी ट्रंकेच्या तळाशी एक डबी सापडते. डबीत काळवंडलेली दोन-चार मेडलं, विटलेल्या फिती आणि एखादा पिवळा तारा. घरात त्याला "आजोबांचे बिल्ले" म्हणतात. आजोबा कुठे लढले, कधी लढले, हे सांगणारं माणूस आता घरात उरलेलं नसतं. पण ही माहिती त्या डबीतच असते. बहुतेक सेवापदकांना ठरलेली पात्रता होती: अमुक तारखांच्या दरम्यान, अमुक भागात, किमान इतके दिवस. पदकं योग्य क्रमाने वाचली की माणसाची नोकरी डोळ्यांपुढे उभी राहते.

पहिली गोष्ट एकच, ती पाळा: वाचून होईपर्यंत काहीही घासू नका. चिंच नको, लिंबू नको, राख नको, पितळेची भांडी घासायची पावडर तर मुळीच नको. नाव कडेवर कोरलेलं असतं. ती अक्षरं आधीच झिजलेली असतात, आणि एका जोरकस घासण्यात "हवालदार"ची निम्मी अक्षरं जाऊ शकतात. नाव गेलेलं पदक म्हणजे पत्ता पुसलेलं पाकीट. सराफ बाजारात नेऊन "चांदी आहे का बघा" हेही करू नका. कसोटीच्या दगडावर घासतात ती नेमकी कडच.

कड वाचणं

लागेल ते घरात आहे: मोबाइल, छोटी टॉर्च, मऊ सुती कापड आणि काळा कागद. पदक काळ्या कागदावर उभं धरा. टॉर्च समोरून न मारता बाजूने, कडेला जवळपास समांतर धरा, म्हणजे खोलगट अक्षरांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. मग पदक थोडं थोडं फिरवत पाच-सहा फोटो काढा. एका फोटोत पूर्ण कड येत नाही. फोटोत सगळं पांढरं दिसत असेल तर टॉर्च फार वर आहे, ती खाली आणा.

ताऱ्यांना अशी कड नसते, त्यांचं नाव मागच्या सपाट बाजूवर असतं. इथे एक फरक लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धातली पदकं ब्रिटिश सैनिकांना बिननावाची दिली गेली, पण भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर नंबर, हुद्दा, नाव आणि दल ठोकलेलं असे. त्यामुळे भारतीय घरातला तारा कोरा निघाला तर तो बाजारातून आलेला, बदललेला किंवा ब्रिटिश माणसाचा असू शकतो.

अक्षरं इंग्रजी आणि आखूड असतात. एस-ई-पी म्हणजे सिपॉय, म्हणजेच शिपाई. एन-के म्हणजे नाईक, एच-ए-व्ही हवालदार, जे-ई-एम जमादार. पुढे दल येतं. आर-आय-ए-एस-सी म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, रसद आणि वाहतूक सांभाळणारं. आय-ई म्हणजे इंडियन इंजिनिअर्स. मराठा पलटण असेल तर जुन्या पद्धतीने "एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए" असं लिहिलेलं दिसेल. ती चूक नाही, तेव्हाचं स्पेलिंगच तसं. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांवर नंबरापुढे "जे-सी" असेल तर माणूस ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर होता, "आय-सी" असेल तर कमिशन्ड अधिकारी.

नंबर एकटा लिहून ठेवू नका. जुन्या फौजेत प्रत्येक पलटणीचे किंवा दलाचे नंबर वेगळे चालत, त्यामुळे तोच नंबर दोन ठिकाणी दोन माणसांना असे. नंबर आणि पलटण ही जोडी. आणि नावापेक्षा नंबरावर भरवसा ठेवा. मराठी नावं इंग्रजीत उतरवणाऱ्या कारकुनाने धोंडूचं काय केलं असेल ते सांगता येत नाही.

पहिलं महायुद्ध

हे संच आता कमीच सापडतात. रुंद चांदीचं, 36 मिमी व्यासाचं, मागे घोड्यावर उघडा पुरुष आणि 1914 व 1918 हे आकडे: हे ब्रिटिश वॉर मेडल. सोबत इंद्रधनुष्यी फितीचं, ब्राँझचं, पंखवाल्या देवतेचं व्हिक्टरी मेडल. त्यावर साल 1914-1919 असतं, त्यामुळे गोंधळू नका. तिसरा ब्राँझचा तारा: 1914-15 स्टार. तो 5 ऑगस्ट 1914 ते 31 डिसेंबर 1915 या काळात युद्धक्षेत्रात उतरलेल्यांना मिळे.

यातून काढायचं ते असं. तारा आहे म्हणजे माणूस 1915 संपण्याआधी आघाडीवर पोचला. मराठा पलटणीचा असेल तर बहुधा मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत-अल-अमारामध्ये होत्या. तिथला वेढा 7 डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 चालला आणि अखेर सगळी छावणी शरण गेली. तारा नाही, पण बाकीची दोन आहेत, तर तो 1916 किंवा त्यानंतर गेला. फक्त वॉर मेडल असून व्हिक्टरी नसेल तर तो प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात उतरलेला नसावा.

वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझचं निघालं तर ते नकली समजू नका. फौजेबरोबर गेलेल्या मजूर तुकड्यांना आणि बिगरलढाऊ नोकरांना ते ब्राँझमध्ये दिलं जाई. कडेवर "फॉलोअर" किंवा "बेअरर" अशा अर्थाचा हुद्दा दिसेल. हमाल, भिस्ती, स्वयंपाकी, खेचरं हाकणारे असे हे लोक. घरच्यांनी "चांदीचं नाही" म्हणून ते खालच्या कप्प्यात टाकलेलं असतं. ते टाकू नये. इतिहासात या माणसांचं नाव येतं ते बहुतेक या कडेवरच.

दुसरं महायुद्ध: इथे वेळ द्या

नाशिक जिल्ह्यात सर्वात जास्त सापडतात ती हीच. तारे सहा टोकांचे, पिवळ्या धातूचे, मधोमध राजाची इंग्रजी आद्याक्षरं आणि भोवती ताऱ्याचं नाव. सगळे तारे एकसारखे दिसतात. ओळख पटते ती नावावरून आणि फितीवरून.

1939-45 स्टार. गर्द निळा, लाल, फिकट निळा असे तीन सारखे पट्टे: नौदल, लष्कर, हवाईदल. लष्करासाठी पात्रता: लढाऊ क्षेत्रात 180 दिवस. त्याआधीच जखमी होऊन परत पाठवलं किंवा माणूस कामी आला तर दिवसांची अट सुटे.

आफ्रिका स्टार. फिकट वाळूच्या रंगाची फीत, मध्ये लाल, बाजूंना एक गर्द आणि एक फिकट निळी रेघ. 10 जून 1940 ते 12 मे 1943 या काळात उत्तर आफ्रिकेत एक दिवसही पुरे. एरिट्रिया आणि ॲबिसिनियाची, म्हणजे आजच्या इथिओपियाची, मोहीमही यातच येते. केरेनच्या डोंगरावर लढलेल्या मराठ्यांचा तारा हाच. फितीवर "एट्थ आर्मी" अशी धातूची पट्टी शिवलेली असेल तर माणूस 23 ऑक्टोबर 1942 नंतर, म्हणजे अल-अलामीनच्या लढाईपासून, त्या सैन्यात होता.

बर्मा स्टार. मध्ये रुंद लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गर्द निळा, आणि त्या निळ्यात नारिंगी रेघ. काळ 11 डिसेंबर 1941 ते 2 सप्टेंबर 1945. जमिनीवरच्या सैनिकाला ठरावीक दिवसांची अट नव्हती. आजोबा ब्रह्मदेशात पाऊल न टाकता फक्त आसाम किंवा बंगालमध्ये होते, तरी ठरावीक काळात आणि भागात हा तारा मिळे. म्हणून "बर्मा स्टार आहे म्हणजे रंगूनला गेले होते" असं लगेच लिहून टाकू नका.

पॅसिफिक स्टार. फीत हिरवी-पिवळी, जंगल आणि किनारा यांची. मलायात असलेल्यांसाठी 8 डिसेंबर 1941 ते 15 फेब्रुवारी 1942. ही दुसरी तारीख सिंगापूर पडल्याची. भारतीय घरात हा तारा दिसला की पुढचा प्रश्न हाच: नंतरची साडेतीन वर्षं ते युद्धकैदी होते का? बर्मा आणि पॅसिफिक हे दोन्ही तारे एकाच माणसाला मिळत नसत. दुसऱ्याचा हक्क असेल तर पहिल्याच्या फितीवर पट्टी येई. एका संचात दोन्ही तारे दिसले तर दोन माणसांची पदकं एकत्र झाली आहेत. कडा आणि पाठी पुन्हा तपासा.

इटली स्टार. फितीत इटलीच्या झेंड्याचे रंग. काळ 11 जून 1943 ते 8 मे 1945.

ताऱ्यांनंतर गोल, रुपेरी पदकं येतात. वॉर मेडल 1939-45, मागे सिंह, त्याच्या पायाखाली दोन तोंडांचा ड्रॅगन. पात्रता फक्त 28 दिवसांची पूर्णवेळ नोकरी, म्हणून ते जवळपास सर्वांकडे असतं. डिफेन्स मेडलच्या फितीत मध्ये ज्वाळेचा नारिंगी, कडेला हिरवा, आणि हिरव्यात काळ्या रेघा, युद्धकाळातल्या ब्लॅकआउटच्या. आणि इंडिया सर्व्हिस मेडल: मागे भारताचा उठावदार नकाशा, वर देशाचं नाव, खाली 1939-45, फीत दोन निळ्यांची. ते भारतीय दलातल्या तीन वर्षांच्या बिगरलढाऊ सेवेला मिळे. डिफेन्स मेडल घेतलं त्याला हे मिळत नसे. एका माणसाच्या संचात दोन्ही आली तर पुन्हा तोच संशय घ्या.

आता एक संच वाचून पाहू. समजा डबीत तीनच पदकं आहेत: बर्मा स्टार, वॉर मेडल, इंडिया सर्व्हिस मेडल. 1939-45 स्टार नाही. घरचे म्हणतील "एक हरवलं". तशी शक्यता आहे, पण दुसरा अर्थ आधी तपासा. नकाशाचं पदक सांगतं की तीन वर्षं बिगरलढाऊ नोकरी झाली. बर्मा स्टार सांगतो की ते क्षेत्रात गेले. 1939-45 स्टार नाही म्हणजे तिथे 180 दिवस भरले नाहीत. कडेवर आर-आय-ए-एस-सी असेल तर चित्र जवळपास पुरं होतं: बहुतेक वर्षं देशातल्या डेपोत किंवा वाहनांवर, आणि शेवटी काही महिने आघाडीवर. हरवलेलं पदक की न मिळालेलं पदक, हे ठरवल्याशिवाय बाजारातून चौथं आणून लावू नका. न कमावलेलं पदक संचात घालणं हा त्या माणसाचाच अपमान आहे.

स्वातंत्र्यानंतरची पदकं

1947 चं इंडियन इंडिपेंडन्स मेडल, केशरी-पांढरी-हिरवी फीत, 15 ऑगस्ट 1947 रोजी नोकरीत असलेल्यांना. ज्यांच्याकडे हे आणि बर्मा स्टार दोन्ही आहेत, त्यांनी दोन फौजांत नोकरी केली. काश्मीरच्या पहिल्या लढाईसाठी जनरल सर्व्हिस मेडल 1947, वर "जम्मू अँड काश्मीर" ही पट्टी.

मग 1965. समर सेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रातल्यांना. रक्षा मेडल बरंच सर्रास दिलं गेलं, 5 ऑगस्ट 1965 च्या हजेरीशी जोडलेलं. 1971 मध्ये तीच रचना: पूर्वेकडच्या रणक्षेत्रासाठी पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यासाठी पश्चिमी स्टार, दोन्ही पाच टोकांचे. त्यांच्या खाली संग्राम मेडल, ते 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळात ठरलेल्या सीमावर्ती राज्यांत असलेल्यांना. युद्ध डिसेंबरातच संपलं तरी हा काळ वर्षभर पुढे जातो. म्हणून संग्राम मेडल आहे पण तारा नाही, तर माणूस युद्धक्षेत्राच्या मागे होता किंवा युद्ध थांबल्यावर तिथे गेला. कारगिलचंही तसंच: ऑपरेशन विजय स्टार लढाईच्या भागातल्यांना, ऑपरेशन विजय मेडल त्यासाठी हलवलेल्या बाकीच्यांना.

सैन्य सेवा मेडल 1960 मध्ये सुरू झालं. त्यात पट्टी हेच सर्वस्व. पट्टीवर जम्मू काश्मीर, नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय यांतलं काय आहे ते पाहा. पट्टी गळून पडलेली असेल तर डबीचा तळ झटका, अस्तर तपासा.

उरलेली पदकं सोपी. 9, 20 आणि 30 वर्षांची दीर्घ सेवा पदकं. 1972 चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं, 1997 चं पन्नाशीचं, 2022 चं पंचाहत्तरीचं: तिन्ही त्या त्या 15 ऑगस्टला नोकरीत असलेल्यांना. यांचा खरा उपयोग तारखा पक्क्या करायला होतो. पंचविशीचं आहे आणि 20 वर्षांचं नाही, म्हणजे 1972 मध्ये ते नोकरीत होते आणि वीस वर्षं भरण्याआधी बाहेर पडले.

एक स्पष्टच सांगायला हवं. ही सगळी सेवापदकं आहेत, शौर्यपदकं नाहीत. शौर्यपदकांशी जोडलेले लाभ यांना लागू होत नाहीत. म्हणून ती कमी ठरत नाहीत, पण अर्ज करताना दोन्हींची सरमिसळ झाली की फाइल परत येते.

असली की नकली

आधी लोहचुंबक लावा. चांदी, ब्राँझ, निकेल-तांब्याचा मिश्रधातू, यांतलं काहीही चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर नक्कल. मग कड पाहा. ओतलेल्या नकलेला कडेवर बारीक शिवण आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतात. असली पदक ठशाने दाबलेलं असतं, त्याचे काठ धारदार असतात. तिसरी लबाडी म्हणजे जुनं नाव कानसून नवं कोरणं. ती व्हर्नियर कॅलिपरने पकडता येते. व्यास चार ठिकाणी मोजा. 36 मिमीच्या पदकात एका बाजूला अर्धा मिमी कमी भरला तर तिथे कानस फिरली आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पदकांत कोरी कड म्हणजे फसवणूक असंच नाही. सरकारी पदक हाती यायला वर्षं लागत, म्हणून जवान छावणीजवळच्या दुकानातून तेच पदक विकत घेऊन गणवेशावर लावत. हक्काचं, पण दुकानातलं. तेव्हा हक्क कागदावर तपासायचा.

कागद कुठे मागायचे

आधी घरातलं डिस्चार्ज बुक शोधा. त्यात पदकांची नोंद असते. ते नसेल तर पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश. त्यानंतर त्या दलाचं रेकॉर्ड ऑफिस: तोफखान्याचं आपल्या नाशिकरोड कॅम्पातच आहे, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. आजोबा तोफखान्यातले नसतील तर नाशिकरोडला अर्ज देऊन काही होत नाही. शेजारी असलं तरी दल वेगळं ते वेगळंच. अर्ज कसा करायचा हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात समजावून सांगतात, आणि त्यांच्यामार्फत गेलेला अर्ज व्यवस्थित जातो.

अर्जात लिहायचं: नंबर, हुद्दा, फौजेतल्या स्पेलिंगप्रमाणे नाव, युनिट, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, गाव-तालुका, पीपीओ नंबर. सोबत डिस्चार्ज बुकाची प्रत आणि नातं दाखवणारा कागद. मागणी नेमकी करा: "शीट रोलमध्ये नोंदलेली पदकं आणि त्यांच्या पार्ट टू ऑर्डरचे क्रमांक कळवावेत." शीट रोल म्हणजे सैनिकाच्या नोकरीची नोंद, आणि पदक मंजूर झाल्याची नोंद पार्ट टू ऑर्डर या युनिटच्या आदेशातच होते. "आजोबांची सगळी माहिती द्या" असं लिहिलेल्या अर्जाला दोन ओळींचं उत्तर येतं.

लावणं आणि जपणं

क्रमात स्वतंत्र भारताची पदकं आधी, ब्रिटिश काळातली त्यानंतर. दर्शनी चौकटीत बघणाऱ्याच्या डावीकडून सुरुवात. 1965-71 च्या सैनिकाचा साधारण क्रम: समर सेवा स्टार, पूर्वी किंवा पश्चिमी स्टार, रक्षा, संग्राम, सैन्य सेवा, मग पंचविशीचं, 20 वर्षांचं, 9 वर्षांचं. महायुद्धाचा संच असेल तर 1939-45, आफ्रिका, पॅसिफिक किंवा बर्मा, इटली, डिफेन्स, वॉर मेडल, शेवटी इंडिया सर्व्हिस.

पूर्ण आकाराच्या पदकाची फीत 32 मिमी रुंद. एका पदकाला 15 सेंमी पुरते. 1939-45 स्टारची फीत हमखास उलटी लागते. समोरून पाहताना गर्द निळा पट्टा डावीकडे यायला हवा. जुनी फीत फाटली तरी टाकू नका, पाकिटात घालून पदकाजवळ ठेवा. तिचा रंग पाहूनच नवी जुळवता येते. वारसाने पदक लावायचं तर छातीच्या उजव्या बाजूला. डावी बाजू ज्याने कमावलं त्याची.

सफाई म्हणजे कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपणं, बस. चांदीवरचा काळा थर तिला इजा करत नाही. पिवळ्या ताऱ्यावर हिरवट पूड दिसली तर ते कळकणं आहे, ते मात्र पसरतं. लाकडी टूथपिकने ती पूड हळूच सोडवा, कापसाने पुसा, आणि पदक कोरड्या जागी हलवा. प्लास्टिकची मऊ पाकिटं, रबर बँड, वर्तमानपत्र, तिन्ही वर्ज्य. पहिल्यात हिरवा चिकट थर धरतो, दुसऱ्याने चांदी काळी पडते, तिसऱ्याची शाई आणि आम्ल धातूला लागतं. धुतलेल्या जुन्या मलमलीत प्रत्येक पदक वेगळं गुंडाळा, म्हणजे एकाच्या टोकाने दुसऱ्याची कड खरवडणार नाही. सोबत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्यात ती दर महिन्याला बदला. इगतपुरी, त्र्यंबककडच्या घरांत पंधरा दिवसांनी.

विकायचा विचार असेल तर एक कायदा माहीत असू द्या. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते, आणि अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं त्या वयाची झाली आहेत. परदेशी खरेदीदार ऑनलाइन कितीही भाव देवो, पाकीट कुरिअरला देण्याआधी हे तपासा. आणि देशात विकलं तरी कडेचे फोटो, नंबर आणि पलटण घरच्या वहीत उतरवून ठेवा.